ट्यूबिंगमधून चार पाइपांचा ईएम लॉग: बाहेरच्या केसिंगच्या आकड्यावर किती विसंबायचं?

गॅसलिफ्ट

मंडळी, एका विहिरीबद्दल सल्ला हवाय. जुनी गॅस विहीर आहे, आतून बाहेर मोजत गेलं तर साडेतीन इंची ट्यूबिंग (ज्यातून गॅस वर येतो तो पाइप), त्याबाहेर ७ इंची प्रोडक्शन केसिंग (केसिंग म्हणजे विहिरीला आधार देणारा कायमचा पाइप), मग ९ ५/८ ची इंटरमिजिएट आणि सगळ्यात बाहेर १३ ३/८ ची सरफेस केसिंग, जिचा शू म्हणजे खालचं टोक ४१० मीटरला आहे. बी अ‍ॅन्युलसला म्हणजे ७ आणि ९ ५/८ च्या मधल्या जागेत प्रेशर येतंय, ब्लीड केलं (थोडा गॅस सोडून दिला) की उतरतं आणि नंतर हळूहळू परत चढतं. ट्यूबिंग न काढता आतूनच इलेक्ट्रोमॅग्नेटिक (ईएम) लॉग करून घेतला, टूल बारीक असतं (१ ११/१६ इंच म्हणजे जेमतेम ४३ मिमी) त्यामुळे रिग लागत नाही, केबलवर टूल सोडणाऱ्या वायरलाइन युनिटवर काम होतं.

रिपोर्ट आलाय. ट्यूबिंग आणि ७ इंची जवळपास स्वच्छ, ९ ५/८ ला १८५ ते २०० मीटरच्या पट्ट्यात २२ टक्के मेटल लॉस आणि १३ ३/८ ला ६० मीटरच्या आसपास १९ टक्के. दोन्हीकडे लाल पट्टा मारलाय. आता वरून विचारणा सुरू झालीये की वर्कओव्हर (रिग आणून विहिरीची दुरुस्ती) लावायचा का. माझा प्रश्न एवढाच की तीन पाइपांच्या पलीकडच्या चौथ्या पाइपाला १९ टक्के लॉस हा आकडा नेमका येतो कुठून आणि त्यावर कितपत भरवसा ठेवायचा? ज्यांनी असे लॉग केलेत किंवा वाचलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

धातुशोध

चांगला धागा काढलात. या विषयावर मराठीत काहीच सापडत नाही, सेवाकंपन्यांची ब्रोशरं वाचली तर वाटतं की टूल आत सोडलं की पाचही पाइपांचा एक्स-रे निघतो.

आधी हे लक्षात घ्या की बाकीची टूलं इथे का चालत नाहीत. मल्टिफिंगर कॅलिपर ज्या पाइपात आहे त्याची फक्त आतली बाजू चाचपतो, बाहेरून पाइप खाल्ला गेला असला तरी त्याला पत्ता नाही. अल्ट्रासॉनिक जाडी छान मोजतं पण त्याला मध्ये द्रव लागतो, गॅसमध्ये आवाज जातच नाही म्हणा, आणि समोरचा एकच पाइप दिसतो. फ्लक्स लीकेज (पाइप मॅग्नेटाइझ करून गळणारं क्षेत्र टिपणारं टूल) खड्डे फार सुंदर दाखवतं पण तेही लगतच्याच पाइपाचे. म्हणजे ट्यूबिंग जागेवर ठेवून मागचं काहीतरी बघायचं असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र हाच एक मार्ग उरतो. त्याला मध्ये गॅस आहे का पाणी, भिंतीवर स्केल बसलंय का मेण, याने फारसा फरक पडत नाही.

पण ते जाडी मोजत नाही, हे मी दहा वेळा सांगेन. ते मोजतं सिग्नल किती उशिरा आणि किती क्षीण होऊन आला ते. जाडी नंतर हिशोबाने काढलेली असते.

शिकतोय_अजून

सर एक बेसिक प्रश्न, लोखंड तर चुंबकीय क्षेत्र अडवतं ना, शिल्डिंगसाठी लोखंडी डबेच वापरतात, मग चार चार लोखंडी पाइपांच्या पलीकडे क्षेत्र जातं कसं आणि परत येतं कसं?

चुंबकसूची

बेसिक नाही, हाच मुख्य प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

लोखंडात बदलतं चुंबकीय क्षेत्र शिरलं की एडी करंट तयार होतात आणि ते त्या क्षेत्रालाच विरोध करतात, त्यामुळे क्षेत्र आत जाताना कमी कमी होत जातं. किती खोलवर जाऊन ते साधारण ३७ टक्क्यांवर येतं त्याला स्किन डेप्थ म्हणतात आणि ती फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. केसिंगच्या पोलादासाठी सापेक्ष परमिॲबिलिटी (पोलाद किती चुंबकीय आहे त्याचं माप) १०० आणि रेझिस्टिव्हिटी ०.२ मायक्रोओहम-मीटर धरली तर १०० हर्ट्झला स्किन डेप्थ सव्वादोन मिमी, १० हर्ट्झला सात मिमी आणि १ हर्ट्झला साडेबावीस मिमी येते.

आता गॅसलिफ्ट यांच्या विहिरीत साधारण प्रचलित वजनं धरू: ट्यूबिंग ६.४५ मिमी, ७ इंची १०.३६, ९ ५/८ ची ११.९९, १३ ३/८ ची १२.१९. एकूण लोखंड झालं ४१ मिमी. १० हर्ट्झने हे ४१ मिमी एकदा बाहेर आणि एकदा आत असं पार करायचं म्हटलं तर सिग्नल एक लाखावा हिस्सा उरतो, १ हर्ट्झला मात्र चाळिसावा हिस्सा उरतो. म्हणून बाहेरच्या पाइपांसाठी फ्रिक्वेन्सी खाली खाली न्यावी लागते.

जाड दगडी भिंतीच्या घरात दुपारचं ऊन संध्याकाळी आत जाणवतं आणि तेही सौम्य होऊन, अगदी तसंच, आणि गणितातलं समीकरणही तेच आहे, डिफ्यूजनचं. भिंत जितकी जाड तितका उशीर जास्त आणि धग कमी. उशीर म्हणजे फेज, धग म्हणजे ॲम्प्लिट्यूड.

परत येतं कसं: ट्रान्समीटर कॉइलपासून रिसीव्हर कॉइल पाइपाच्या व्यासाच्या दोन-तीन पट लांब ठेवली की पाइपाच्या आतून थेट येणारं क्षेत्र जवळजवळ मरून जातं, आणि जे क्षेत्र ट्रान्समीटरपाशी भिंतीतून बाहेर पडून बाहेरच्या बाजूने सरकत रिसीव्हरपाशी परत भिंतीतून आत येतं तेच वरचढ ठरतं. यालाच रिमोट फील्ड म्हणतात. मॅकलीन नावाच्या माणसाने १९५१ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं, पुढे शेल कंपनीतल्या श्मिट यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून विहिरींच्या केसिंगसाठी टूल बनवलं. सिग्नल दोनदा भिंत ओलांडतो म्हणून फेजमधला उशीर ढोबळमानाने जाडी भागिले स्किन डेप्थच्या दुप्पट, रेडियनमध्ये.

शिकतोय_अजून

खूप धन्यवाद, भिंतीच्या उदाहरणाने एकदम डोक्यात बसलं. मग पल्स्ड एडी करंट वेगळं काय करतं?

वायरलाइनवाली

ते मी सांगते, कारण मी जास्त करून तीच टूलं चालवलीत.

पल्सवाल्या टूलमध्ये कॉइलला करंट देऊन ठेवायचा आणि एकदम तोडायचा. तोडल्यावर पाइपांत एडी करंट उठतात आणि ते आधी ट्यूबिंगमध्ये, मग सात इंचीत, मग बाहेर असे पसरत पसरत विरत जातात. आपण रिसीव्हरवर ती विरण्याची वक्ररेषा टिपत राहतो. सुरुवातीचे काही मिलिसेकंद ट्यूबिंगचे, मधले पुढच्या पाइपाचे, शेपटीकडचा भाग सगळ्यात बाहेरच्या पाइपाचा. किती वेळ थांबावं लागेल हे परमिॲबिलिटी गुणिले कंडक्टिव्हिटी गुणिले जाडीचा वर्ग यावर ठरतं, म्हणजे लोखंड दुप्पट झालं की चौपट थांबा. शेपटीकडे सिग्नल इतका बारीक असतो की टूल हलल्याचा, केबलला झटका बसल्याचाही नॉइज त्यात येतो.

म्हणून लॉगिंग स्पीड हा पहिला प्रश्न विचारा. मिनिटाला ५ मीटरने टूल वर ओढलं तर सेकंदाला ८ सेंमी सरकतं, २० मीटरने ओढलं तर ३३ सेंमी. बाहेरच्या पाइपासाठी एकेक रीडिंगला जवळपास सेकंदभर लागत असेल तर २० च्या स्पीडला तुम्ही जवळपास फूटभर पाइप एका श्वासात सरासरी करून टाकलात असं होतं. साइटवर सगळ्यांना घाई असते, रात्र वाढत जाते, आणि स्पीड गुपचूप वाढतो. लॉगच्या कडेला स्पीडचा कर्व्ह असतो, तो बघा.

जुनी_विहीर

वरचं सगळं बरोबर आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी या लॉगला चाळणी मानतो, निकाल नाही. इतक्या विहिरींवर बाहेरच्या पाइपाचे लाल पट्टे बघितलेत की ज्यांच्या मागे काहीच निघालं नाही. ट्यूबिंग काढा, सात इंचीत फ्लक्स लीकेज किंवा अल्ट्रासॉनिक चालवा, आणि जे दिसतं त्यावर बोला.

गॅसलिफ्ट

काका, तुमचं पटतं पण आमच्या केसमध्ये ट्यूबिंग काढूनही ९ ५/८ सात इंचीच्या मागेच राहणार. ती उघड्यावर बघायची तर सात इंची कापून काढावी लागेल. त्यामुळे लॉग हाच काय तो आधार आहे.

धातुशोध

काकांच्या लाल पट्ट्यांमागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते मला इथे नीट मांडायचंय.

टूलला जाडी, परमिॲबिलिटी आणि कंडक्टिव्हिटी तिन्ही मिळून एकच गोष्ट दिसते. परमिॲबिलिटी १० टक्क्यांनी कमी असली की जाडी ५ टक्क्यांनी कमी असल्यासारखी दिसते (वर्गमूळ असल्यामुळे निम्मा परिणाम). रिमोट फील्ड असो का पल्स, दोन्हीकडे हेच. आणि परमिॲबिलिटी प्रत्येक जॉइंटची (पाइपाच्या प्रत्येक तुकड्याची) वेगळी असते, वेगळी हीट म्हणजे पोलादाचा वेगळा घाणा, वेगळं उष्णतासंस्करण, उतरवताना बसलेला ताण, सगळ्याने बदलते. एकाच ग्रेडच्या दोन जॉइंटमध्ये १५-२० टक्के फरक असला तर मला नवल वाटत नाही.

त्यात आणखी एक, एपीआय ५सीटी या केसिंगच्या मानकाप्रमाणे नव्या केसिंगची भिंत नॉमिनलच्या (कागदोपत्री जाडीच्या) ८७.५ टक्के असली तरी पाइप पास होतो. म्हणजे कारखान्यातून आलेला पाइप कुठेकुठे साडेबारा टक्के पातळ असू शकतो आणि त्याला गंजाचा कणही लागलेला नसतो. रिपोर्टमधला लॉस नॉमिनलच्या तुलनेत काढलाय का जॉइंटच्या स्वतःच्या सरासरीच्या तुलनेत, हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर लिहून मागा.

आणि विहीर नवीन असताना बेसलाइन लॉग केला असता तर हा अर्धा वाद उद्भवलाच नसता. पाइप तेच, परमिॲबिलिटी तीच, दोन लॉगची वजाबाकी केली की उरतो तो गंज. सगळे नवी विहीर असताना म्हणतात आत्ता कशाला, आणि तिथेच घोडं अडतं.

चुंबकसूची

+१. आणि प्रोसेसिंगच्या बाजूने भर घालतो. चार पाइपांचे चार आकडे हे इन्व्हर्जनमधून येतात, म्हणजे कॉम्प्युटर चार जाड्या बदलून बदलून असा संच शोधतो की ज्याचा हिशोबी सिग्नल मोजलेल्या सिग्नलशी जुळेल. १३ ३/८ चा १० टक्के लॉस म्हणजे १.२ मिमी, एकूण ४१ मिमी लोखंडातले ३ टक्के. तेवढ्या फरकाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हे ठरवताना अल्गोरिदम गोंधळू शकतो. मग एका पाइपाला खोटा लॉस आणि शेजारच्याला खोटा गेन असं आरशातल्या प्रतिमेसारखं चित्र येतं. आता मला सांगा, जमिनीखाली गाडलेल्या पाइपाला लोखंड नव्याने कुठून येणार? गेन दिसला की समजा हिशोब डळमळीत आहे.

गॅसलिफ्ट, तुमच्याकडे कच्चे कर्व्ह आहेत का? लांब स्पेसिंगच्या म्हणजे ट्रान्समीटरपासून दूरच्या रिसीव्हरचा फेज आणि ॲम्प्लिट्यूड. आणि रंगीत पट्ट्याऐवजी प्रत्येक पाइपाचा जाडीचा कर्व्ह.

साठवणगॅस

मधेच घुसतो, कारण हा विषय माझ्या कामाच्या अगदी जवळचा आहे. आमच्याकडे गॅस जमिनीखाली साठवतात आणि आमच्या क्षेत्रात २३ ऑक्टोबर २०१५ ही तारीख कुणी विसरत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन साठवण क्षेत्रातल्या एसएस-२५ या विहिरीतून गॅस फुटला तो थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाला, तोवर साधारण एक लाख टन मिथेन हवेत गेला आणि शेजारच्या वस्तीतल्या हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली.

२०१९ मध्ये मूळ कारणाचा जो अहवाल आला तो या धाग्यासाठी फार मोलाचा आहे. ती विहीर १९५० च्या दशकातली. ७ इंची केसिंग ८९२ फुटांवर म्हणजे सुमारे २७२ मीटरवर फुटली, बाहेरच्या अंगाने, भूजलाच्या संपर्कात सूक्ष्मजीवांमुळे झालेल्या गंजाने. आणि त्या खोलीवर तिच्याबाहेर ११ ३/४ ची सरफेस केसिंग होती, जिचा शू ९९० फुटांवर होता. म्हणजे दोन पाइपांच्या मधल्या जागेत, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे गंज वाढला. वरून बघून काही कळण्याचा संबंधच नव्हता. पुढे कॅलिफोर्नियात गॅस साठवण विहिरींच्या केसिंगची जाडी ठरावीक काळाने तपासणं सक्तीचं केलं.

त्यामुळे काका, लाल पट्टे खोटे निघतात हे खरं असलं तरी हा लॉग न करण्यापेक्षा केलेला लाख पटीने बरा, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_विहीर

करू नका असं मी कुठे म्हणतोय. वाचून करा, एवढंच म्हणतोय. तुम्ही दिलेलं उदाहरण मात्र खरंच सगळ्यांनी वाचावं असं आहे.

शिकतोय_अजून

एक विचारू का, या लॉगवरून पाइपांच्या मधलं सिमेंट चांगलं आहे की नाही ते कळतं का?

वायरलाइनवाली

नाही, अजिबात नाही. सिमेंट ना वाहक ना चुंबकीय, या टूलसाठी ते असून नसल्यासारखं. त्यासाठी बाँड लॉग, अल्ट्रासॉनिक अशी वेगळी टूलं. तसंच बारीक भोक, पिनहोल, बाहेरच्या पाइपातलं असेल तर तेही यात दिसत नाही, कारण रीडिंग पूर्ण घेराची सरासरी असते.

गॅसलिफ्ट

कच्चे कर्व्ह मिळाले, सेवाकंपनीने विचारल्यावर लगेच दिले. इथे चित्र टाकता येत नाहीये म्हणून शब्दांत लिहितो.

६० मीटरजवळचा जो १३ ३/८ चा लॉस आहे तो ५६ ते ६८ मीटर आहे, सुरू आणि संपताना अगदी सरळ पायरी, मध्ये सपाट. त्याच ५६ ते ६८ मध्ये ९ ५/८ चा कर्व्ह उजवीकडे गेलाय, १४ टक्के गेन दाखवतोय. ९ ५/८ चे कॉलर (दोन जॉइंट जोडणारे जाड तुकडे) ५६ आणि ६८ लाच आहेत. लांब रिसीव्हरचा फेज त्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही.

१८५ ते २०० चं चित्र वेगळं आहे. तिथे ९ ५/८ चा कर्व्ह हळूहळू डावीकडे जातो, १९२ च्या आसपास सगळ्यात जास्त, मग हळूहळू परत येतो. मधे १८९ ला ९ ५/८ चा कॉलर आहे पण लॉस त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. १३ ३/८ तिथे फारसा हलत नाही. लांब रिसीव्हरचा फेज तिथे ११-१२ अंशांनी बदललाय.

चुंबकसूची

क्या बात है, असा डेटा टाकला की बोलायला मजा येते.

५६ ते ६८: बारा मीटर म्हणजे केसिंगचा एक जॉइंट, आणि कडा बरोबर कॉलरवर. गंजाला कॉलर कुठे आहे ते कळत नाही, पाइप बदलला की गुणधर्म बदलतात ते कॉलरवरच बदलतात. वर शेजारच्या पाइपाला तितक्याच लांबीचा गेन, आणि एकूण लोखंडाची मोजणी ज्या फेजवरून होते तो जागचा हललेला नाही. मला वाटतं तो ९ ५/८ चा एक जॉइंट वेगळ्या परमिॲबिलिटीचा आहे आणि इन्व्हर्जनने त्याची भरपाई १३ ३/८ च्या खिशातून केली.

१८५ ते २००: कॉलरला न जुमानता दोन जॉइंटवर पसरलाय, कडा उतरत्या, शेजारी गेन नाही, आणि फेज हललाय. हिशोब करू, २२ टक्के म्हणजे २.६ मिमी, १ हर्ट्झला साडेबावीस मिमी स्किन डेप्थ धरून दोनदा भिंत ओलांडण्याचा फेज सुमारे १३ अंश. तुमचा ११-१२. जुळतंय. हा खरा मेटल लॉस आहे असं मी धरून चालेन.

धातुशोध

सहमत. अजून एक गोष्ट तपासा, फुकटात होते. १३ ३/८ चा शू ४१० ला आहे ना, त्याच्या खाली १३ ३/८ अस्तित्वातच नाही. तिथे इन्व्हर्जनला चार पाइपांचं मॉडेल चालवायला सांगा आणि १३ ३/८ ची जाडी किती येते ते बघा. शून्य यायला हवी. शून्याभोवती जेवढी खालीवर होते तेवढी त्या पाइपासाठी तुमच्या लॉगची खरी अचूकता. शिवाय शू लॉगवर ४१० लाच दिसतो का, यावरून डेप्थही जुळवून घेता येते. ही तपासणी मी प्रत्येक लॉगवर करतो, यासारखी दुसरी नाही.

गॅसलिफ्ट

करून घेतलं. शूची पायरी ४०९ ला स्वच्छ दिसते. खाली मात्र १३ ३/८ चा आकडा शून्याच्या दोन्ही बाजूंना १.१-१.२ मिमीपर्यंत जातो, म्हणजे नॉमिनलच्या ९-१० टक्के. मग ६० मीटरचा १९ टक्के हा नॉइजच्या दुप्पटच झाला म्हणायचं, आणि वर आरशातली प्रतिमा. तो पट्टा मी यादीतून काढतोय.

आता उरला ९ ५/८ चा २२ टक्के. हा किती गंभीर?

जुनी_विहीर

इथे माझा अनुभव कामाला येईल. आकडा सरासरीचा आहे हे विसरू नका. ९ ५/८, फुटाला ४७ पौंडी, एन-८० ग्रेडची असेल तर नवीन असताना बर्स्ट रेटिंग (आतल्या दाबाची मर्यादा) ६८७० पीएसआय. सगळ्या घेरावर सारखे २२ टक्के गेले असतील तर ते साधारण ५३५० वर येतं, म्हणजे काळजीचं कारण नाही. पण तेच लोखंड घेराच्या एका चतुर्थांश भागातूनच गेलं असेल तर तिथे भिंत ८८ टक्के खाल्लेली आहे, आणि मग तो पाइप कागदासारखा आहे. लॉगवर दोन्ही २२ च दिसणार. अलिसो कॅन्यनचा गंजही काही सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता.

म्हणून लॉग बाजूला ठेवून प्रेशरकडे बघा. सी अ‍ॅन्युलसला, म्हणजे ९ ५/८ आणि १३ ३/८ च्या मध्ये, प्रेशर आहे का? बी ब्लीड केल्यावर सी हलतं का?

गॅसलिफ्ट

सी ला प्रेशर शून्याजवळ, आणि बी ब्लीड केल्यावर सी ढिम्म हलत नाही. म्हणजे आज तरी ९ ५/८ आरपार गेलेली नाही असं म्हणता येईल ना?

जुनी_विहीर

१९० मीटरला सी मध्ये सिमेंट नसेल, म्हणजे प्रेशर वरपर्यंत पोचायला वाट मोकळी असेल, तर हो. सिमेंट वरपर्यंत असेल तर सी गप्प बसण्यावरून फार काही ठरवू नका, सिमेंटच वाट अडवत असेल. सिमेंटिंगचा जुना रिपोर्ट काढा.

दुसरं, ९ ५/८ चा लॉस हे बी च्या प्रेशरचं कारण नाही. तो गॅस एकतर सात इंचीच्या एखाद्या थ्रेडमधून येतोय, नाहीतर खालून सिमेंटमधल्या वाटेने. बी च्या गॅसचा नमुना घेऊन त्याची घटकरचना उत्पादनाच्या गॅसशी ताडून बघा, आणि नॉइज व टेंपरेचर लॉग करा. कारण आणि कमकुवत जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्टमध्ये त्या एकत्र केल्यात म्हणून वर्कओव्हरची घाई सुटलीये.

गॅसलिफ्ट

हे फारच उपयोगी. जुना रिपोर्ट बघितला, ९ ५/८ चं सिमेंट ३३० मीटरपर्यंतच आलंय, त्यामुळे १९० ला सी मोकळी आहे, त्यात जुनं मड (ड्रिलिंगचा द्रव). वॉटर टेबलही त्याच पट्ट्यात कुठेतरी आहे, म्हणजे १८५-२०० मध्येच गंज का याचंही उत्तर त्यात असावं.

साठवणगॅस

मोकळी अ‍ॅन्युलस, वर-खाली होणारं पाणी, आणि तिथेच गंज, हे अगदी ओळखीचं चित्र आहे. आता बी ला किती प्रेशर चढू द्यायचं याची मर्यादा नव्याने काढा, आणि ती काढताना २२ नाही, काकांचा वाईटातला वाईट ८८ टक्के धरा. मर्यादा खाली येईल, पण त्या मर्यादेच्या आत बी ठेवता येत असेल तर तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

शिकतोय_अजून

ते वर फेज दोनदा भिंत ओलांडतो म्हणालात, मग एकच खड्डा लॉगवर दोनदा दिसत असेल ना? एकदा ट्रान्समीटर त्याच्यासमोर आल्यावर आणि एकदा रिसीव्हर आल्यावर?

चुंबकसूची

बरोबर पकडलंत. त्याला घोस्ट म्हणतात आणि ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या अंतराएवढ्या फरकाने प्रत्येक कॉलर, प्रत्येक खड्डा दोनदा उमटतो. प्रोसेसिंगमध्ये तो काढतात, पण बाहेरच्या पाइपांसाठी स्पेसिंग लांब असल्याने पूर्ण जात नाही. गॅसलिफ्ट यांचा पट्टा १५ मीटर लांब आहे, टूलच्या स्पेसिंगपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून तिथे घोस्टची शंका नाही. एक-दीड मीटरचा एखादा लॉस दिसला आणि तेवढ्याच अंतरावर त्याचा जुळा दिसला तर मात्र सावध व्हा.

गॅसलिफ्ट

ठरलं ते लिहितो. वर्कओव्हर आत्ता नाही. बी ची मर्यादा नव्याने काढून खाली आणतोय, सी वर कायमचा गेज लावतोय, गॅसचा नमुना पाठवलाय. आणि वर्षभराने तेच टूल, त्याच कंपनीचं, त्याच सेटिंगने परत चालवायचं, आजचा लॉग हीच बेसलाइन धरून. पुढच्या वेळी अजून काय मागून घेऊ?

वायरलाइनवाली

तीन गोष्टी प्रोग्रॅममध्ये लिहूनच घ्या, साइटवर तोंडी सांगितलेलं टिकत नाही. १५० ते २३० मीटरमध्ये दोन पास, एकाच स्पीडने, म्हणजे रिपीट जुळतो का ते कळेल. १९२ ला आणि तुलनेसाठी २२० सारख्या चांगल्या जागी टूल थांबवून स्टेशन रीडिंग, काही मिनिटं उभं ठेवलं की शेपटीकडचा नॉइज बराच खाली बसतो आणि बाहेरच्या पाइपाचा आकडा घट्ट होतो. कॉलरपासून दोन-तीन मीटर लांब थांबा, कॉलरच्या जाड लोखंडाची सावली स्टेशनवर पडता कामा नये.

आणि त्याआधी त्या विहिरीत फ्लक्स लीकेज टूल कुणी चालवू देऊ नका. त्याच्या चुंबकांनी आतला पाइप मॅग्नेटाइझ होऊन बसतो, परमिॲबिलिटी बदलते आणि तुमची वजाबाकी बिघडते. चालवायचंच असेल तर ईएम आधी, ते नंतर.

गॅसलिफ्ट

ताई, तिन्ही गोष्टी आणि टूलांचा क्रमही प्रोग्रॅममध्ये घातला. नमुन्याचा रिझल्ट आला की इथेच टाकतो.